दात काही डोळ्यांनी घासत नाहीत!

आपल्या मराठी भाषेने दातांना आणि डोळ्यांना भरपूर राबवून घेतले आहे. डोळे वटारायचे, डोळ्यांत तेल घालून जागायचे, डोळ्यांत धूळ फेकायची. दातओठ खायचे, दात विचकायचे, दाती तृण धरायचे आणि वेळ आलीच तर दुसऱ्याचे दात त्याच्याच घशात घालायचे! परंतु ह्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. डोळ्यांचा डॉक्टर वेगळा, दातांचा वेगळा. घरात कुणाची दृष्टी अधू झाली की त्याच्या डोळ्यांची चिंता सारे घर करते. त्याच्या दातांकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही. पुढे एकेक करून दात पडू लागतात, आणि "वय झाले, चालायचेच" असे म्हणून आपण मोकळे होतो.

वय झाले म्हणून दात पडतात हे खरे नव्हे. ते पडतात किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने. आणि दिसत नाही म्हणून दात किडतात, हे तर मुळीच खरे नव्हे. अंध माणसाच्या दातांवरचे कवच तुमच्या-आमच्याइतकेच टणक असते, त्याची लाळ तीच, त्याच्या तोंडातले जंतूही तेच. तरीसुद्धा दृष्टिहीनांच्या तोंडाची तपासणी ज्यांनी ज्यांनी केली, त्यांना दातांवर थर आणि हिरड्यांना सूज वारंवार आढळत आली आहे. मग बिघडते कुठे? ह्या प्रश्नाचे उत्तर अंध माणसाच्या तोंडात नसून बरेचसे आपल्या शिकवण्यात आणि आपल्या घरात आहे. आणि म्हणूनच ते डोळस वाचकांनी वाचायला हवे.

सारी शिकवण डोळ्यांसाठी

सकाळी उठल्यावर आपण काय करतो ते जरा आठवून पाहा. बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहतो. ट्यूब दाबून ब्रशवर पेस्टची रेघ काढतो. थुंकताना पाण्यात लालसर छटा दिसली तर मनात शंका येते. दातांच्या फटीत कोथिंबिरीचे पान अडकले असेल तर आरसा लगेच चुगली करतो. पुढच्या दातावर काळा ठिपका दिसला, की आज ना उद्या आपण दंतवैद्याचे दार ठोठावतो.

आता ह्यातून आरसा काढून घ्या. लालसर पाणी दिसणार नाही, पान दिसणार नाही, ठिपका दिसणार नाही. दुखू लागेपर्यंत काहीच कळणार नाही. आणि दाढ ठणकू लागते तेव्हा कीड बहुधा आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते. जे काम लहानशा भरणीत भागले असते, त्याला रूट कॅनाल करावे लागते किंवा दाढच काढावी लागते.

दातांचे शिक्षण आपण देतो तेही सारे दाखवून. शाळेत दंतवैद्य येतात, प्लास्टरचा भला मोठा जबडा टेबलावर ठेवतात आणि सांगतात, "ब्रश असा धरा, इथून असा फिरवा." असा म्हणजे कसा? इथून म्हणजे कुठून? भिंतीवर तक्ता, दूरदर्शनच्या पडद्यावर जाहिरात, हातात रंगीत पत्रक. दातांवर राहिलेला थर लाल रंगवून दाखवणारी एक गोळी असते. मोठी गुणाची गोळी, पण तिचा गुण डोळसापुरता!

असे लोक आपल्या देशात थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेत पाहण्यातील अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख लोकांची नोंद झाली. आपल्याकडे अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे आहे. त्याच्या जोडीला काचबिंदू आहे, आणि मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा आहे. हे सारे बहुतांशी उतारवयाचे विकार. म्हणजे ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत ते कुणी दूरच्या आश्रमात राहणारे परके लोक नव्हेत. ते आपल्याच घरातले आजोबा, मावशी, किंवा पन्नाशीत नोकरी सोडावी लागलेले काका आहेत.

जन्मांध मुलांसाठी आपल्याकडे शतकापूर्वीच शाळा निघाल्या. मुंबईत अ‍ॅना मिलर्ड ह्या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० साली सुरू केलेली शाळा आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ सालची. अंधांसाठी काम करणारी 'नॅब' ही देशव्यापी संस्था १९५२ साली मुंबईतच स्थापन झाली. अशा संस्थांमधून मुले ब्रेल शिकतात, काठी घेऊन चालायला शिकतात, आपले आपण नीटनेटके राहायला शिकतात. परंतु ज्याची दृष्टी पंचावन्नाव्या वर्षी गेली, तो कुठल्या शाळेत जाणार? दात कसे घासावेत हे त्याला पुन्हा शिकण्याची गरज आहे, हे त्याच्या घरच्यांना सुचत नाही आणि बहुधा त्यालाही सुचत नाही.

मायेचा जुलूम

आता घराकडे वळू. पुढील संवाद कुठल्याही घरात ऐकू येण्यासारखा आहे:

"अहो, थांबा जरा. पेस्ट मी लावून देते. परवा बेसिनभर सांडली होती."

"अगं, मी लावतो ना."

"राहू द्या हो. मला दूध वर ठेवायचंय. धरा हा ब्रश."

ह्यात प्रेम नाही असे कोण म्हणेल? पण ह्या प्रेमाचा परिणाम काय होतो तो पाहा. ब्रश दुसऱ्याच्या हातून मिळू लागला की दात घासणे हे आपले काम न राहता दुसऱ्यावर पडणारा भार होतो. बायको माहेरी गेली, सून कामावर लवकर गेली, की त्या दिवशी नुसती चूळ भरून भागवले जाते. रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे तर अधिक महत्त्वाचे. कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. परंतु दमूनभागून झोपायला निघालेल्या माणसाला पुन्हा उठवून "जरा पेस्ट लावून दे" असे सांगायला कोणत्याही स्वाभिमानी माणसाला संकोच वाटतो. म्हणून रात्रीचे घासणे सुटते ते कायमचेच.

वस्तुतः पेस्ट ब्रशवर लावायलाच हवी असे कुठे आहे? वाटाण्याएवढी पेस्ट तर्जनीच्या टोकावर घ्यावी, तिथे तिचे माप स्पर्शाला बरोबर कळते, आणि ती दातांवर टेकवून मग ब्रश सुरू करावा. स्वतःची वेगळी ट्यूब असेल तर ती थेट तोंडात दाबली तरी चालते. सांडण्याचा प्रश्नच मिटला! अंध लोक ही युक्ती आपसांत एकमेकांना सांगतात. डोळस माणसाला ती सुचत नाही, कारण त्याला तिची गरज पडत नाही.

आणखी दोन गोष्टी घरच्यांनी कराव्यात. पहिली, ब्रशची जागा. घरातील पाच ब्रश एकाच पेल्यात खोचलेले असतील तर आपला कोणता हे बोटांनी कसे ओळखावे? ब्रशच्या दांड्याला रबरबँड गुंडाळावा किंवा दोऱ्याची गाठ मारावी, आणि त्याचा पेला वेगळा ठेवावा. तो पेला आज डावीकडे आणि उद्या उजवीकडे, असे होता कामा नये. दुसरी गोष्ट, ट्यूब. पेस्टची ट्यूब, दुखण्यावर चोळायच्या मलमाची ट्यूब आणि दाढीच्या क्रीमची ट्यूब ह्या हाताला सारख्याच लागतात. मलमे न्हाणीघरात ठेवूच नयेत. ठेवलीच, तर त्यांना खूण करावी.

आरशाऐवजी चार पहारेकरी

आता मुख्य मुद्दा. डोळे नाहीत तर तोंडातली खबर द्यायची कुणी? निसर्गाने तेथे चार पहारेकरी बसवले आहेत. आपण डोळस लोक त्यांना कामच देत नाही, एवढेच.

पहिला पहारेकरी जीभ. तिची संवेदना किती सूक्ष्म आहे ते सर्वांना ठाऊक आहे. घासात केस आला तर डोळ्यांना न दिसलेला तो केस जीभ आणि दात तत्काळ पकडतात. स्वच्छ दात जिभेला काचेसारखा गुळगुळीत लागतो. थर साचलेला दात शेवाळलेल्या दगडासारखा बुळबुळीत किंवा लव आल्यासारखा लागतो. हा थर म्हणजे जंतूंची वसाहत. तो वेळच्या वेळी घासून काढला नाही तर लाळेतील क्षार बसून त्याचे टणक किटण होते, आणि ते मग ब्रशाने निघत नाही. किटण जमण्याच्या ठराविक जागाही आहेत. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडे तेथे उघडतात. त्यातली पहिली जागा तर जिभेच्या शेंड्यापाशीच आहे. तेथे चुन्याचा बांध घातल्यासारखे लागले, की दात साफ करून घ्यायची वेळ झाली असे समजावे.

दुसरा पहारेकरी बोट. १९५१ साली भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही एकच लिपी ठरली. तिच्यातील टिंबे कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर वर आलेली असतात. ज्या बोटाला ही टिंबे भराभर वाचता येतात, त्याला स्वतःच्या हिरड्या वाचता येणार नाहीत काय? हात स्वच्छ धुऊन तर्जनी हिरडीवरून हळूहळू फिरवावी. निरोगी हिरडी घट्ट लागते आणि दुखत नाही. रोगट हिरडी फुगीर, पिलपिलीत आणि हळवी लागते. तेच बोट गालाच्या आतून, ओठांच्या आतून आणि जिभेच्या कडांवरून फिरवावे. कुठे खरबरीत चट्टा, गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम लागली तर वाट पाहू नये, दंतवैद्य गाठावा. तोंड पूर्ण उघडून त्यात तीन बोटे उभी एकावर एक मावतात की नाही, हेही अधूनमधून पाहावे. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू आखडू लागते, आणि तो आजार कर्करोगाकडे नेऊ शकतो. ही तीन बोटांची परीक्षा अंध माणूस डोळसाइतकीच अचूक करू शकतो.

तिसरा पहारेकरी चव. हिरडीतून आलेल्या रक्ताचा लाल रंग दिसला नाही तरी त्याची खारट, लोखंडासारखी चव कळते. ब्रश करताना ती वारंवार आली तर हिरड्या सुजल्या आहेत असे समजावे. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश लावायचे सोडू नये. उलट मऊ ब्रशाने ती जागा अधिक काळजीने घासावी. मात्र विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते आणि रोग आतल्या आत वाढतो. त्यांनी ह्या पहारेकऱ्यावर विसंबू नये.

चौथा पहारेकरी कान. दाढेच्या माथ्यावर ब्रश खरखर वाजतो. तोच हिरडीकडे वळला की आवाज मऊ होतो. थोड्या सवयीने ब्रश कुठे आहे हे कानाला कळू लागते.

नाकाला मात्र आम्ही पहारेकऱ्यांत बसवलेले नाही, कारण स्वतःच्या तोंडाचा दर्प स्वतःच्या नाकाला कळत नाही. इथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. ज्याच्या तोंडाला वास येतो, त्याच्याशी बोलताना समोरचा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो. डोळस माणसाला ते दिसते आणि तो सावध होतो. अंध माणसाला ते पाऊल दिसत नाही. लोक आपल्याला टाळतात एवढेच त्याला जाणवते, आणि ते आपल्या अंधत्वामुळे टाळतात असे तो समजून चालतो! अशा वेळी बायकोने, भावाने किंवा जिवलग मित्राने एकांतात स्पष्ट शब्दांत सांगावे. हे सांगणे आडून आडून हिणवणे नव्हे, ती मैत्री आहे.

आणि मधुमेह असेल तर?

ज्या मधुमेहाने डोळ्यांचा पडदा जातो, तोच मधुमेह हिरड्यांनाही धरतो. साखर आटोक्यात नसली की जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद कमी होते, तोंड कोरडे पडते, हिरड्या दातांपासून सुटू लागतात आणि दात हलू लागतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे: हिरड्यांत मुरलेली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, आणि हिरड्यांवर नीट उपचार केले तर साखर काही अंशी उतरण्यास मदत होते. म्हणून मधुमेहाने दृष्टी अधू झालेल्या माणसाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, तशीच हिरड्यांचीही तपासणी करावी.

ह्या रुग्णांची आणखी एक अडचण आहे. जुन्या मधुमेहात बोटांची संवेदना बोथट होऊ शकते. म्हणजे नजर गेली आणि बोटही रुसले. अशा वेळी जीभ हाच मोठा आधार. शिवाय दात गेले की भाकरी, कोशिंबीर, उसळ सुटते आणि मऊ भात, बिस्किटे, चहात बुडवलेला पाव सुरू होतो. असले खाणे मधुमेह्याला किती महाग पडते हे वेगळे सांगायला नको. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत" ही म्हण आपण गमतीने वापरतो. मधुमेह्याच्या ताटात ती खरी होऊन बसते.

दातांचा बोलण्याशीही संबंध आहे. त, थ, द, ध, न ह्या अक्षरांना व्याकरणाने 'दन्त्य' म्हटले ते उगाच नव्हे. कितीतरी अंध माणसांची उपजीविका त्यांच्या आवाजावर चालते. कुणी शिक्षक आहे, कुणी गायक, कुणी कार्यालयात टेलिफोन सांभाळतो. पुढचे चार दात गेले तर त्यांच्या पोटापाण्याच्या हत्यारालाच धार उरत नाही.

बेळगावचा धडा

हाताने, कानाने शिकवले तर खरोखर फरक पडतो का? बेळगावच्या दंतवैद्यक महाविद्यालयातील डॉ. ममता हेब्बाळ आणि डॉ. अनिल अंकोला ह्यांनी अंध मुलांना शिकवण्याची एक पद्धत बसवली आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली युरोपातील बालदंतवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पद्धत साधी आहे. आधी तोंडी समजावून सांगायचे. मग दातांचा मोठा नमुना हाताळू द्यायचा आणि स्वतःचे दात जिभेने चाचपायला लावायचे. शेवटी प्रत्यक्ष ब्रश करवून घ्यायचा. श्रवण, स्पर्श आणि कृती! मुलांच्या दातांवरचा थर स्पष्टपणे कमी झाला. हा प्रयोग मुलांवर होता हे खरे. पण त्यात असे काहीही नाही की जे प्रौढ माणसाला शिकता येऊ नये.

घरच्या घरी हा धडा असा देता येईल. शिकणाऱ्याला खुर्चीत बसवावे. घाई नको. प्रथम जिभेने सारे दात मोजायला सांगावे. वर पुढे पटाशीचे दात, मग सुळे, मग दाढा. बहुतेकांनी आपले दात ह्यापूर्वी कधी मोजलेलेच नसतात! मग डाव्या हाताची तर्जनी वरच्या उजव्या शेवटच्या दाढेवर ठेवावी आणि ब्रश त्या बोटाच्या मागोमाग आणावा. ब्रशाचे केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर, थोडे तिरके टेकवावेत. जोर न लावता जागच्या जागी हलवत दहा अंक मोजावेत आणि दोन दात पुढे सरकावे. बोट पुढे, ब्रश मागे. अशा रीतीने उजवीकडून डावीकडे बाहेरची बाजू, मग डावीकडून उजवीकडे आतली बाजू, मग दाढांचे माथे. वर झाले की खाली तेच. "बाहेर, आत, माथा" हा क्रम एकदा अंगवळणी पडला की कोणताही दात चुकत नाही. पहिल्या दिवशी ह्याला बराच वेळ लागतो. सरावाने हात चपळ झाला की थोड्या वेळात भागते, पण दोन मिनिटांच्या आत आटोपू नये. घासून झाल्यावर थुंकावे, पण खळखळून चुळा भरू नयेत. पेस्टमधील फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहिलेले बरे.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. विजेवर चालणाऱ्या काही ब्रशांत दर तीस सेकंदांनी क्षणभर थबकण्याची सोय असते. परवडत असेल तर अंध माणसाला ती फार उपयोगी पडते, कारण "आता पुढचा भाग घ्या" ही खूण हाताला मिळते. पेस्ट फ्लोराइडयुक्तच हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे. वेष्टणावरचा बारीक मजकूर घरातल्या डोळस माणसाने वाचून द्यावा. फ्लोराइडचे प्रमाण १००० ते १५०० पीपीएम असावे. राखुंडी आणि कोळशाची पूड दात झिजवतात. मशेरी तर तंबाखूच आहे. दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात ठेवलेले ते विष होय.

दोन दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही. तेथे दंतवैद्याकडून शिकून घेऊन रेशमासारखा दोरा किंवा बाटलीच्या ब्रशासारखा चिमुकला ब्रश वापरावा. "हे त्यांना कसे जमणार?" असे विचारणाऱ्याने एकदा स्वतःच्या शेवटच्या दाढेची आतली बाजू आरशात पाहण्याचा प्रयत्न करावा. दिसते का? आपल्या बत्तीस दातांपैकी आरशात नीट दिसतात ते पुढचे दहाबारा, आणि तेही बाहेरून. बाकीचे सारे दात आपण डोळस लोकही न पाहताच घासतो! न पाहता घासणे अशक्य असते तर एकाही माणसाच्या तोंडात दाढ शिल्लक राहिली नसती.

कवळी असेल तरी हेच. कवळी बेसिनवर धुऊ नये. हातातून सुटली तर फुटते आणि तुकडे शोधणे अंध माणसाला जड जाते. पाण्याने अर्ध्या भरलेल्या तसराळ्यावर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ती धरून धुवावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी, आणि तिची वाटी एकाच जागी ठेवावी.

दंतवैद्याच्या खुर्चीत

चार पहारेकरी झाले तरी त्यांनाही न कळणाऱ्या गोष्टी आहेत. कीड सुरू होताना दातावर उमटणारा पांढुरका डाग जिभेला लागत नाही. दोन दातांमधील कीडही लागत नाही. म्हणून दुखत नसले तरी सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जाणे अंध माणसाला डोळसापेक्षा अधिक अगत्याचे.

पण जाणे सोपे नाही. क्षणभर डोळे मिटून कल्पना करा: अनोळखी खोलीत आपण खुर्चीवर बसलो आहोत, खुर्ची न सांगता मागे कलते, कुणीतरी हनुवटी धरते, कानाशी यंत्र घूं घूं करू लागते आणि तोंडात अचानक गार पाण्याचा फवारा येतो! धीराचा माणूसही दचकेल. मुलांच्या दंतवैद्यकात "सांगा, दाखवा, मग करा" असा एक नियम आहे; तो अ‍ॅडलस्टन ह्यांनी १९५९ साली मांडला. अंध रुग्णासाठी त्यात एकच शब्द बदलायचा: "सांगा, चाचपू द्या, मग करा." खुर्चीचा हात, पाण्याची नळी, लहान आरसा ह्या निरुपद्रवी वस्तू आधी हातात द्याव्यात. यंत्राचा आवाज तोंडाबाहेर ऐकवावा. "आता खुर्ची मागे जाईल", "आता टोचेल", "आता पाणी येईल" असे आधी सांगून मगच हात लावावा. थोडी दृष्टी शिल्लक असलेल्यांना प्रखर दिव्याचा त्रास होतो. त्यांना काळा चष्मा द्यावा.

आणि एक गोष्ट कळकळीची. पुष्कळदा डॉक्टर अंध रुग्णाच्या डोक्यावरून त्याच्याबरोबर आलेल्या माणसाशी बोलतात. "ह्यांना कुठे दुखतंय? किती दिवसांपासून?" रुग्ण तिथेच बसलेला असतो, त्याला कान आहेत, तोंड आहे आणि दुखणेही त्याचेच आहे! अशा वेळी सोबतच्याने नम्रपणे म्हणावे, "डॉक्टर, त्यांनाच विचारा." संमतीचा कागद सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवलाच पाहिजे. घरी घेण्याच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या असतील तर एकीला रबरबँड लावून द्यावा, आणि सूचना कागदावर लिहून देण्याऐवजी रुग्णाच्या मोबाइलवर आवाजात नोंदवून द्याव्यात. ह्याला ना पैसा लागतो ना यंत्र.

खर्चाचा प्रश्न राहतो. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय, तसेच मुंबई व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालये ह्यांसारख्या ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात उपचार होतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने रुग्णालयात अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी-उपचारांत अग्रक्रम ह्यांची तरतूद केली आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तो मागायला संकोच करू नये.

दिवाळीच्या ताटापाशी

दिवाळीत घरोघर फराळाची ताटे फिरतात. चिरोटे, करंज्या, बेसनाचे लाडू हे सारे दातांना चिकटून बसणारे पदार्थ. घरातल्या आजोबांना किंवा मावशींना लाडू खाऊ नका असे सणासुदीला कोण सांगणार? सांगूही नये. फराळ एका वेळी करावा, दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहू नये; वर पाणी प्यावे आणि रात्री न चुकता दात घासावेत. हा नियम घरातल्या सर्वांनाच लागू आहे.

त्यांच्यासाठी नवे कापड घ्याल, पाडव्याला ओवाळाल. त्याबरोबर एक मऊ ब्रश, एक वेगळी ट्यूब आणि एक वेगळा पेला आणा. ब्रशाला दोऱ्याची गाठ मारून, पेला कुठे ठेवला ते त्यांचा हात धरून एकदा दाखवा. "बाहेर, आत, माथा" हा क्रम एकदा समजावून सांगा. पहिले काही दिवस बेसिनवर थोडी पेस्ट सांडेल, ती पुसून टाका आणि बोलू नका. मग ब्रश त्यांच्या हातात द्या आणि न्हाणीघराचे दार लोटून बाहेर या.